युक्ती शोधणारा प्रेक्षक अरसिक?

चौकस
परवा इथे एकाने लिहिलं, "जादूच्या प्रयोगाला जाऊन युक्ती शोधणारे म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता मोजणारे. अरसिक लोक!" दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

चौथीत असताना शाळेत जादूगार आला होता. त्याने कागदाची पुडी केली आणि काचेच्या जगमधलं दूध तीत ओतलं. जग निम्म्यावर आला. पुडी उलटी केली तर थेंबही नाही! आठवडाभर माझ्या डोक्यात तेवढंच. शेवटी आईच्या फडताळातून दोन काचेचे ग्लास काढले, लहान ग्लास मोठ्यात ठेवला आणि मधल्या फटीत दूध ओतलं. जेमतेम अर्धी वाटी दूध, पण बाहेरून ग्लास काठोकाठ भरलेला! तिरका केला तसं फटीतलं दूध आतल्या ग्लासात गेलं आणि बाहेरची पातळी झरझर उतरली. मी स्वयंपाकघरात नाचलो होतो. पुडी कोरडी निघाल्यावर तो जादूगार स्वतःच कसा दचकला होता, ते मात्र आजही मला जमत नाही. युक्ती कळल्यावर त्याच्याबद्दलचा आदर वाढला. यात अरसिकपणा कुठला?

पेटीवाला
ते वाक्य माझंच आहे आणि मी मागे घेत नाही. १२ वर्षं वाढदिवसांना प्रयोग करतोय. गेल्या महिन्यात रुमाल गायब करत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ उठून ओरडले, "अंगठा खोटा आहे!" पुढची वीस मिनिटं पोरं माझ्या अंगठ्याकडेच बघत होती. यजमानांनी ठरल्यातले निम्मे पैसे हातावर टेकवले. वर कुणीतरी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आरशासमोर वर्षभर घासलेली गोष्ट एका मिनिटात मातीत!

आडवाट
पेटीवाल्यांशी सहमत. अचंबा वाटण्यातच खरी मजा आहे. १९५६ साली बीबीसीच्या 'पॅनोरमा'त जादूगार पी. सी. सरकारांनी मुलीला करवतीनं कापलं आणि ती उठायच्या आत कार्यक्रम संपला. मुलगी खरंच मेली म्हणून लोकांनी इतके फोन केले की लाइनी तुंबल्या. आज तसं होईल? लोक फोन करण्याऐवजी 'उलगडा' शोधतील.

कृष्णाकाठ
अचंब्याचं कौतुक मला सांगू नका. माझ्या आत्याच्या घरी एका भगताने लिंबू कापलं, आतून लाल रस आला. "करणी आहे" म्हणाला आणि अकरा हजार घेऊन गेला. सुरीच्या पात्यावर जास्वंदीचं फूल चोळून वाळवलं की लिंबाच्या आंबट रसाने तो रंग लाल होतो, एवढंच असतं ते. करंडीत नारळ पेटतो, तो शेंडीत लपवलेल्या सोडियमच्या तुकड्यावर पाणी शिंपडल्यामुळे. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते गावोगाव हेच करून दाखवतात. आत्याने एकदा जरी ते पाहिलं असतं!

पेटीवाला
झालं, आला विषय बुवाबाजीवर! मी भगत आहे का? तिकीट लावून, दिवे लावून, "हातचलाखी आहे" असं सांगून करतो आम्ही. पुण्यात जादूगार रघुवीरांच्या घरात तिसरी पिढी हेच करतेय. त्यांना आणि लिंबूवाल्याला एका पंगतीत बसवता?

कृष्णाकाठ
पंगतीत मी बसवलं नाही, तुम्हीच ओढवून घेताय. अंनिसच्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला, जादूटोण्याविरुद्धचा अध्यादेश निघाला त्यानंतर. तोवर किती आत्या लुबाडल्या गेल्या? "कसं केलं?" हे विचारायची सवय लहानपणीच मोडली की माणूस भगतासमोरही हात जोडून बसतो.

आडवाट
ताई, आवाज कमी. धागा जादूच्या प्रयोगांचा आहे. दर वेळी अंनिस कशाला?

कृष्णाकाठ
तुमच्या घरातले अकरा हजार गेले असते तर आवाज कमी राहिला असता का?

चौकस
दोघंही थांबा. हुदिनी स्वतः जादूगार होता, तरी १९२४ मध्ये बॉस्टनच्या 'मार्जरी'च्या बैठकांत बसून ती काय करते ते त्यानेच शोधलं. मेलेल्यांशी बोलते म्हणत होती ना ती! म्हणजे युक्ती शोधणारी नजर आणि जादूवरचं प्रेम एकाच माणसात नांदतं.

पेटीवाला
हुदिनीचं मान्य. त्या आत्याबाईंचंही मान्य, लिंबूवाल्याला पोलिसांतच द्यायला हवा होता. पण माझा मुद्दा कुणी ऐकतच नाही. शोधा, खुशाल शोधा. तुम्ही ग्लास घरी काढलेत, शाळेच्या हॉलमध्ये उठून ओरडला नाहीत. मला तेवढंच हवंय.

चौकस
मग 'अरसिक' शब्द मागे घ्या.

पेटीवाला
ओरडणाऱ्यांपुरता ठेवतो.

चौकस
चालेल. पुढचा प्रयोग कुठे आहे कळवा. पहिल्या रांगेत बसेन, तोंड बंद ठेवेन, पण तुमच्या डाव्या हातावरची नजर हटणार नाही.

पेटीवाला
मोबाइल घरी ठेवून या.