गेमिंग लॅपटॉप नुसतं 4060 बघून घेऊ नका
दोन गेमिंग लॅपटॉपपैकी कुठला घेऊ असं तुम्ही विचारलंत, त्यावर वर कोणीतरी लिहिलंय की दोन्हीत ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 4060 च आहे मग स्वस्तातला उचला, तर प्लीज असं करू नका. लॅपटॉपमधलं 4060 कंपन्या 35 पासून 115 वॉटपर्यंत कितीही पॉवरवर चालवतात, त्यामुळे नाव तेच असलं तरी पातळ बॉडीतलं कार्ड जड गेममधे मागे पडतं. स्पेक्समधे टीजीपी (म्हणजे ग्राफिक्स कार्डला किती वॉट मिळतात तो आकडा) शोधा, नसेल तर विचारा, सांगता नाही आलं तर सरळ दुसरं मॉडेल बघा.

रॅम 16 जीबी हवीच, पण एकच स्टिक नको, 8-8 च्या दोन.

आणि ठाण्यात राहताय म्हणालात ना, मग मे महिन्यातला उकाडा धरून चला! बिनएसी खोलीत कूलिंग हलकं असेल तर तासाभरात क्लॉक (म्हणजे चिपचा वेग) उतरतात नि गेम अडखळायला लागतो, म्हणून मी तरी जाड, मागे मोठ्या जाळ्या असलेलाच घेईन, वजन गेलं खड्ड्यात. गादीवर ठेवून तर अजिबात खेळू नका, खालची हवाच बंद होते.

स्क्रीन 45 टक्के एनटीएससीवाली (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असेल तर रंग फिके दिसतात, वाशीला दुकानात जाणार आहात तर डेमो पीस समोर ठेवून बघा.