लहान पोरं आणि परदेशातली घराजवळची गल्ली: तुमचे अनुभव लिहा

रानमेवा
काल आमच्या गल्लीत गटाराचं झाकण बदलत होते. बारा वर्षांची लेक क्लासला जाता जाता थबकली. "आई, यावर काहीच चित्र नाही!" मी थेट तोक्योच्या निशी-कासाईत. तेव्हा ती तीन वर्षांची. तिथल्या झाकणांवर नक्षी असते, साकुराची फुलं, गिंकोची पानं, पाणपक्षी. प्रत्येक झाकणावर उभं राहून पाकळ्या मोजायच्या असा बाईंचा नेम. दहा मिनिटांच्या स्टेशनला पाऊण तास. आधी चिडायचे, मग मीच नवी झाकणं शोधायला लागले.

संध्याकाळी पाचला खांबावरच्या भोंग्यांतून सूर वाजायचे, की पोरं बागेतून घरी. लेकीला वाटायचं, आभाळातली आजी हाक मारते. खरं तर आपत्तीच्या सूचनांचे भोंगे चालू आहेत ना, ते रोज तसं तपासतात. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

प्रेक्षणीय स्थळं नकोत, घराजवळचं लिहा.

उनाडभटक्या
आम्ही बर्लिनला. सिग्नलवरचा टोपीवाला हिरवा माणूस मूळ पूर्व बर्लिनचा. कुठे बिनटोपीचा दिसला की चिरंजीव हळहळायचे, "बाबा, याची हरवली."
फूटपाथमध्ये मधूनच १० सेंटिमीटरचे पितळी चौकोन असतात. 'इथे राहत होते', पुढे नाव, जन्मसाल. नाझींनी घरातून उचलून नेलेली माणसं. तो चकाकतं म्हणून बोट फिरवत बसायचा. एकदा वाचून दाखवलं तर म्हणे, "मग आता कुठे राहतात?" मी त्याच्या बुटाची नाडी बांधत बसलो. बांधलेलीच होती.

चकलीभाजणी
नाडी 😢
डबे भरायचेत, नंतर लिहिते.

टेकडीवरचा
बर्लिनकर, बाटल्यांचं मशीन विसरलात? रिकामी प्लास्टिकची बाटली आत टाकली की अनामतीचे २५ सेंट परत!

उनाडभटक्या
विसरतोय कसला. अर्धी भरलेली बाटली झाडाला ओतून मशीनकडे पळायचा.

मावळतीमाय
रानमेवा, मार्चमध्ये तोक्योला चाललोय, लेक दोन वर्षांची. बाबागाडी न्यावी का?

रानमेवा
हलकी, घडीची न्या. स्टेशनला लिफ्ट असते, पण नेमकी दुसऱ्या टोकाला 😀

चकलीभाजणी
आले. लंडनमध्ये आमची करमणूक म्हणजे बस. ११ वर्षांखालच्यांना फुकट, माझंही तासाभरात दुसऱ्या बसला वेगळं भाडं नाही. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट, लेक ड्रायव्हर. झाडाच्या फांद्या काचेवर थडाथड आपटल्या की किंकाळ्या. सासूबाई आल्या तेव्हा गुडघ्यांमुळे वर चढायला तयार नव्हत्या. एकदा चढल्या आणि मग उतरेनात. शेवटच्या स्टॉपपर्यंत आजी कंडक्टर, नातू ड्रायव्हर. दोघांची "पुढे सरका" चालू, मराठीत. मागे एक गोरे आजोबा खरंच सरकले.

टेकडीवरचा
+१ सासूबाईंना.

समुद्रफेस
सिंगापूर. सरकारी घरांच्या इमारतींखाली मोकळा तळमजला असतो, व्हॉइड डेक. आमच्याखाली एका शनिवारी मलय लग्न. लेक बघत उभा, तर त्यांनी बसवून बिर्याणी वाढली. पुढच्या आठवड्यात तिथेच चिनी कुटुंबाचा अंत्यविधीचा मांडव. हा खुर्चीवर जाऊन बसला, जेवणाची वाट बघत. मी मेल्याहून मेलो. तिथल्या आजींनी त्याच्या हातात शेंगदाणे दिले.

मावळतीमाय
शेंगदाणे 🙏
घडीची गाडी पुण्यात कुठे भाड्यानं मिळेल?

रानमेवा
घात झाला. लेकीनं मागून धागा वाचला. भोंग्यांचं कळलं तिला. जेवायला येत नाहीये.