शब्दचर्चा : सुपरहीरो ग्रीक देवांच्या रूपात – आयुध, लांछन की ओळखखूण?

प्रश्न :
कॉमिक्समधल्या सुपरहीरोंना ग्रीक-रोमन पुराणकथांतल्या देवदेवतांच्या रूपात रंगवलेल्या चित्रमालिकेसाठी मराठी चित्रओळी लिहायच्या आहेत. अडलेले शब्द असे : 'रीइमॅजिन्ड'ला 'पुनर्कल्पित' चालेल का? ज्या वस्तूवरून देव ओळखू येतो (देवांचा निरोप्या हर्मीस याची पंखांची टोपी, ज्ञानदेवता अथेनाचं घुबड) त्या 'अ‍ॅट्रिब्यूट'ला काय म्हणावं? देवांचा राजा झ्यूस याच्या हातातली वीज, समुद्रदेव पोसायडनचा ट्रायडेंट यांना काय म्हणावं? आणि एका पायावर भार टाकून उभं राहण्याची ढब, म्हणजे काँट्रापोस्टो?

प्रतिसाद १ :
'पुनर्'मधला र पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं तर टिकतो : पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विचार. पुढे क किंवा प आला की विसर्ग होतो, म्हणून पुनःप्रसारण. त्या हिशेबाने 'पुनःकल्पित' शुद्ध. पण चित्राखाली दोन्ही जडच वाटतात. 'हर्मीसच्या रूपात फ्लॅश' (अतिवेगाने धावणारा सुपरहीरो) एवढ्यात काम भागतं. 'अवतार' टाळा, फ्लॅश हा हर्मीसचा अवतार, असा भलताच अर्थ निघतो.

प्रतिसाद २ :
'अ‍ॅट्रिब्यूट'साठी आपल्या मूर्तिशास्त्रात तीन शब्द तयार आहेत, तिघांनाही अडचण आहे.

'आयुध' म्हणजे फक्त शस्त्र नव्हे. मूर्तीच्या हातातलं कमळ, शंख, अक्षमाला हीसुद्धा आयुधंच. त्यामुळे हेराक्लीसची (रोमन नाव हर्क्युलीस) गदा आणि हर्मीसचा दंड दोन्ही आयुधांत बसतात. पण सिंहाचं कातडं किंवा पंखांची पादत्राणं अंगावरची. ती आयुधं नव्हेत. 'लांछन' हा जैन तीर्थंकरांच्या चिन्हांसाठीचा नेमका शब्द, पण आजच्या वाचकाला त्यात कलंकच दिसणार. (जन्मल्या दिवशीच अपोलोची गुरं पळवणाऱ्या हर्मीसच्या बाबतीत ते अगदीच चूक नाही म्हणा.) 'लक्षण' तर दवाखान्यात गेलं.

माझं मत 'ओळखखूण'. हातातल्या वस्तूला आयुध म्हणा, बाकी सगळं ओळखखूण. झ्यूसचा गरुड बहुधा शेजारी किंवा हातावर बसलेला असतो, त्याला सरसकट 'वाहन' म्हणू नका.

शब्द नक्की केला की चित्रातला घोळही दिसतो. १९४०च्या पहिल्या फ्लॅशच्या डोक्यावर पंखांचं धातूचं शिरस्त्राण आहे, बुटांनाही पंख आहेत. म्हणजे हर्मीसच्या खुणा कॉमिक्सनेच आधी उचललेल्या. तिथे चित्रकाराने भर घालायची ती दंडाची, आणि चुकतं तिथेच. हर्मीसच्या दंडाला दोन साप, वैद्यकदेव अस्क्लीपियसच्या काठीला एकच आणि पंख नाहीत. एक साप काढलात तर धावपटूचा वैद्य होतो. नुसतं 'सर्पदंड' लिहिल्याने हा फरक कळत नाही, 'दोन सापांचा दंड' लिहा.

बॅटमॅनला पाताळाचा देव हेडीस करताना हातात दोन दातांचा भाला देतात, तो बराच नंतरचा. जुन्या भांड्यांवर हेडीसकडे राजदंड किंवा समृद्धीचं शिंग असतं. अदृश्य करणारं शिरस्त्राण आणि तीन डोक्यांचा कुत्रा या खुणा बॅटमॅनला जास्त शोभतात.

प्रतिसाद ३ :
झ्यूसच्या विजेला बेधडक 'वज्र' म्हणा. ग्रीक भांड्यांवरची आणि नाण्यांवरची ती वीज नागमोडी रेघ नसते. मधे मूठ आणि दोन्ही टोकांना कळीसारखे फुटलेले दाते, असा तिचा आकार. आपलं वज्रही असंच. गांधार शिल्पात तर बुद्धाजवळचा रक्षक वज्रपाणी हेराक्लीसच्या रूपात, सिंहाचं कातडं पांघरून आणि हातात वज्र घेऊन उभा आहे. कॉमिक्समधली तिरपी तुटक वीज झ्यूसच्या हातात दिली की चित्र अभिजात न वाटता धोक्याच्या पाटीसारखं दिसतं.

'त्रिशूळ' मात्र नको. शब्द वाचताच शंकर डोळ्यांपुढे उभा राहतो. पोसायडनचं हत्यार मुळात मासे मारायचं, म्हणून समुद्रातल्या अ‍ॅक्वामॅनसाठी 'तीन दातांचा भाला'. दाते सरळ ठेवा, टोकांना मागे वळलेले काटे द्या.

प्रतिसाद ४ :
नावांतही एकच भाषा धरा. कॉमिक्समधल्या मुलाला सुपरहीरो बनवणाऱ्या 'शझॅम' (SHAZAM) या १९४०च्या मंत्रातली सहा इंग्रजी अक्षरं सॉलोमन, हर्क्युलीस, अ‍ॅटलास, झ्यूस, अकिलीस आणि मर्क्युरी यांची. त्यात झ्यूस ग्रीक, मर्क्युरी रोमन, सॉलोमन तर बायबलातला. तिथे ते खपून गेलं. तुमच्या मालिकेत एकाखाली झ्यूस आणि दुसऱ्याखाली मर्क्युरी आला तर वाचक गोंधळेल. वंडर वूमनची अडचण उरतेच : आई हिप्पोलिटा ग्रीक, ती स्वतः डायना, म्हणजे रोमन नाव. तिला आर्टेमिस करायचं असेल तर धनुष्य द्या, घुबड नको.

प्रतिसाद ५ :
काँट्रापोस्टोला 'त्रिभंग' सुचेल, पण त्रिभंगात मान, धड आणि कंबर ठळकपणे उलटसुलट वाकतात. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटसच्या भालाधाऱ्याच्या पुतळ्यातला बाक त्याहून सौम्य, 'आभंगा'च्या, म्हणजे किंचित बाकाच्या ढबीच्या जवळचा. पण आभंगचा 'अभंग' व्हायला छपाईत वेळ लागत नाही. 'एका पायावर भार' असं सरळ लिहावं.

ही ढब सुपरहीरोंना देताना सगळ्यात जास्त बिघडते. कॉमिक्समधला नायक दोन्ही पाय फाकवून, खांदे समांतर ठेवून उभा असतो. नुसती कंबर तिरकी केली की तो कलंडताना दिसतो. भार उजव्या पायावर असेल तर उजवी कंबर वर आणि उजवा खांदा खाली. त्या बाजूची बरगडी आणि कंबर जवळ येऊन कातडीला घडी पडते, डावी बाजू ताणली जाते. डावा गुडघा सैल सोडा. छातीपासून बेंबीपर्यंतची मधली रेघ वक्र झाली पाहिजे. ती सरळ ठेवून पोटाचे सहा सारखे चौकोन काढले की सगळी मेहनत वाया. तपासायला गळ्याच्या खळगीतून उभी रेघ खाली सोडा, ती भाराच्या पायाच्या घोट्याजवळ यावी. हल्कसारखा अवजड देह असेल तर नेपल्सच्या संग्रहालयातला 'फार्नीझ हर्क्युलीस' हा पुतळा बघा. तो बगलेत गदा टेकवून उभा आहे, वजन कुठे गेलं ते लगेच कळतं.

प्रश्नकर्ता :
आभार. आणखी एक. काही चित्रं ग्रीक भांड्यांच्या शैलीत आहेत. 'ब्लॅक-फिगर'ला 'कृष्णाकृती' आणि 'रेड-फिगर'ला 'रक्ताकृती' चालेल?

प्रतिसाद २ :
'रक्ताकृती'त रक्त दिसतं. 'काळ्या आकृतींची शैली' आणि 'तांबड्या आकृतींची शैली' लिहा. काळ्या शैलीत आकृती काळी भरून तपशील टोकदार हत्याराने कोरतात. तांबडी शैली अथेन्समध्ये इ.स.पू. ५३०च्या सुमारास आली. तिच्यात पार्श्वभूमी काळी भरतात, आकृती मातीच्या रंगाची सोडतात आणि तपशील कुंचल्याने काढतात. या काळ्याला 'रंग' म्हणू नका, तो बारीक मातीचा 'लेप' आहे. भट्टीत हवा कोंडली की तो काळा पडतो.

बॅटमॅन काळ्या शैलीत घेतलात तर झगा, मुखवटा आणि अंग एकच डाग होतं. झग्याच्या घड्या भरपूर कोराव्या लागतील. या शैलीत बायकांचं अंग पांढरं दाखवायची रीत होती, वंडर वूमनला ती वापरता येईल.

प्रतिसाद ५ :
'केप'चं राहिलंच. सुपरहीरोची केप दोन्ही खांद्यांवरून मागे लोंबते. ग्रीक खलॅमिस डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर पिनेने अडकवतात, उजवा हात मोकळा राहतो. तिला 'उपरणं' म्हणू नका, पिनेवाचून ती टिकत नाही. 'आखूड झगा' बरा. सुपरमॅनला ती द्यायची तर छातीवरच्या चिन्हाचा डावा भाग झाकला जाईल. चिन्ह पिनेवरच कोरा.