‘काफिला’, ‘तांडा’ की आणखी काही? गुलामांच्या रांगेसाठी मराठी शब्द

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातील पूर्व आफ्रिकेत घडणारी जंगलातील एक साहसकथा मी किशोरांसाठी मराठीत लिहीत आहे. पकडलेल्या माणसांना एकमेकांना जखडून किनाऱ्याकडे चालवत नेत, त्या रांगेला इंग्रजीत ‘कॉफल’ म्हणतात. मी ‘काफिला’ असे लिहिले. परंतु वाचताना लवाजमा निघाल्याचा भास होतो. ‘तांडा’ चालेल का? मानेत अडकवलेल्या लाकडाला काय म्हणावे?

उत्तर : व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपण चुकलेला नाहीत, कारण ‘कॉफल’ हा शब्द अरबी ‘काफिला’वरूनच इंग्रजीत गेला आहे. मात्र तिकडे जाताना त्याला साखळदंड चिकटले आणि आपल्याकडे येताना तो मंत्र्यांच्या गाड्यांपुढे धावू लागला, त्यामुळे मूळ एक असूनही अर्थ जुळत नाही. ‘सफारी’चेही तसेच आहे. अरबी ‘सफर’ स्वाहिलीत ‘सफारी’ झाली. तिचा अर्थ केवळ प्रवास, मग तो हस्तिदंत आणि गुलाम घेऊन झांझिबारकडे निघालेल्या व्यापाऱ्याचा का असेना. आजच्या वाचकाला त्या शब्दाने उघडी जीप आणि सिंह दिसतील, म्हणून कथेत तो टाळावा. ‘तांडा’ म्हटले की लमाणांचे बैल आणि मिठाच्या गोण्या आठवतात. तो स्वतःच्या मर्जीने चालणाऱ्यांचा असतो. मी सरळ ‘जखडलेल्यांची रांग’ असे लिहीन.

मानेतल्या लाकडासाठी मात्र मराठीत नेमका शब्द आहे. 1861 मध्ये आजच्या मलावीतील शिरे नदीच्या खोऱ्यात स्कॉटिश मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन आणि बिशप मॅकेन्झी यांच्या तुकडीने अशी एक रांग सोडवली, तेव्हा प्रत्येक पुरुषाची मान सहा-सात फूट लांबीच्या जाड लाकडाच्या बेळक्यात होती आणि गळ्यासमोर आडवी लोखंडी सळई दोन्ही टोकांना ठोकून पक्की केलेली होती. बिशपांच्या सामानात सुदैवाने करवत होती. तिने एकेकाचे लाकूड कापावे लागले. ओढाळ गुराने पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात जो ओंडका बांधतात, त्याला आपण लोढणे म्हणतो. ‘गळ्यातले लोढणे’ आज नकोशा जबाबदारीपुरते उरले असले, तरी येथे ते शब्दशः वापरता येईल. ‘खोडा’ नको, कारण तो पायात असतो आणि माणसाला जागच्या जागी ठेवतो.

त्या दिवशी सुटलेल्यांत चुमा नावाचा मुलगा होता. तो पुढे काही काळ मुंबईत शिकला आणि 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. त्याच प्रवासातला जेकब वेनराइट नाशिकच्या मिशन शाळेत शिकलेला, गुलामीतून सुटलेला तरुण होता. एखाद्या पात्राच्या तोंडी मराठी शब्द घालायचा असेल, तर ही वाट खरी आहे.

प्रश्नकर्ता : ‘लोढणे’ पटले. ‘गुलाम’ऐवजी ‘दास’ लिहू का?

उत्तर : लिहू नये. ‘दास’ शब्दाला रामदासांपासून भक्तीचा वास आहे. ‘दासांचा व्यापार’ कानाला विचित्र लागतो. अरबीत ‘गुलाम’ म्हणजे मुळात मुलगा, पण मराठीत त्याचा अर्थ निःसंदिग्ध आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना पुस्तक अर्पण केले, तेव्हा त्याचे नाव ‘गुलामगिरी’ असेच ठेवले.

आणखी एक सूचना : रांग रात्री मुक्कामाला थांबते, त्या प्रसंगात ‘दावण’ वापरून पाहावे. दावण चालत नाही, म्हणून दिवसाच्या वर्णनात ती बसणार नाही. परंतु शेकोटीच्या उजेडात ओळीने बांधून ठेवलेल्या माणसांना तोच शब्द लागू पडतो.