इथेनॉल हिरवं म्हणायच्या आधी वावरात येऊन पाहा

कोरडवाहू_यवतमाळ:
काल इथं एकानं लिहिलं, 'पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आणि घरचं प्लास्टिक रिसायकलला, की शेतकऱ्याचं अन् पर्यावरणाचं दोघांचंही भलं.' ते वाचून झोप लागली नाही.

वीस वर्षांपूर्वी जीपमधून माणसं आली होती. मोगली एरंड लावा, पाणी लागत नाही, बियांचं डिझेल होतं. बाबांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चारशे रोपं लावली. तिसऱ्या वर्षी दीड पोतं बी निघालं आणि घ्यायला कुणी फिरकलं नाही. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन लिहिलं होतं. ती झाडं शेवटी मीच कुदळीनं खणून काढली.

आता इथेनॉलसाठी मका. त्याला हेक्टरी १२० किलो नत्र लागतं. ते देणारा युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, आणि वावरातून उडणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. हा हिशेब धरा, मग हिरवं म्हणा.

मकेवाला_बुलढाणा:
भाऊ, एरंडाचा राग मक्यावर काढू नका. एका टनातून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं आणि मक्याच्या इथेनॉलला २०२४ मध्ये लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे ठरले, म्हणून व्यापारी खळ्यावर येतो. पेट्रोलचा कार्बन जमिनीतून उपसलेला असतो, मका निदान हवेतला ओढून घेतो. आणि तुमच्या कपाशीवरच्या फवारण्या कोणत्या हिशेबात धरल्या?

सोयाबीन_वाशीम:
तुमच्या खळ्यावर व्यापारी येते, आमच्या खळ्यावर कोन येते? इथेनॉल काढल्यावर मका-तांदळाचा जो चोथा उरते, डीडीजीएस, तो कोंबडीखाद्यात सस्त्यात जाते. मंग तेल काढून उरलेली सोयाबीनची ढेप कोन घेईन? २०२४ ले हमीभाव क्विंटलले ४,८९२ होता. म्या दिवाळीच्या तोंडावर ३,९०० नं देल्लं. खरेदी केंद्रावर मूठभर दाने यंत्रात टाकले, ओलावा १४ दाखोला, ट्रॉली वापस. नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत घ्या म्हनून आदेश निघाला, तवा माह्यं घर रिकामं झालं होतं.

मकेवाला_बुलढाणा:
सगळं पाप चोथ्याचं का? ब्राझीलमध्ये सोयाबीनचं पीक किती आलं, बाहेरचं खाद्यतेल बंदरावर किती उतरलं, ते नाही सांगत. भाव नाही तर पीक बदला. आम्ही बदललं.

सोयाबीन_वाशीम:
बदला म्हने! तुमच्याकडं विहिरीले पानी हाये. आमच्या माळावर रब्बीत हरभरा कसाबसा निंगते. आन् सोयाबीनच्या मुळाले गाठी रायतात, ते आपलं नत्र आपन करते. ज्या पिकाले युरिया कमी लागते तेच मारून टाकलं, याले पर्यावरण म्हनता?

बाई_वर्धा:
तुम्ही भावावर भांडत बसलात, रिसायकल राहूनच गेलं. पाण्याची बाटली भंगारवाला नेतो, ठिबकच्या जुन्या नळ्याही नेतो. पण वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर? गेल्या उन्हाळ्यात आमच्या मिरचीचा काढला, तर हातात चिंध्याच आल्या, मातीनं जड झालेल्या. भंगारवाल्यानं बोटानं उचलून पाहिलं आणि गाडी पुढं नेली. गावात सगळे तो धुऱ्यावर जाळतात, आम्हीही जाळला. वेफरच्या पाकिटांना तर कुणी हात लावत नाही. माहेरची गाय मेली तेव्हा पोटातून घमेलंभर पन्न्या निघाल्या.

आणि जैवइंधन सगळंच वाईट कसं, कोरडवाहू दादा? पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, दरवर्षी वावरातच पेटते. तिच्या दाबून जळणाच्या कांड्या करून कारखान्याच्या बॉयलरला गेल्या तर ना वेगळी जमीन लागते, ना खत.

कोरडवाहू_यवतमाळ:
ताई, पऱ्हाटीचं मान्य. ती पिकवावी लागत नाही. पण उपटून गाडीत भरायची मजुरी आगपेटीहून महाग पडते, म्हणून मीही जाळतो. त्याचा भाव जाहीर करा, उद्या देतो.

मकेवाला_बुलढाणा:
नत्राचं तुमचं खरं आहे, एवढंच मानतो. मी एकरी दोन पोती युरिया टाकतो, यंदा माती तपासून टाकीन. मका मात्र सोडणार नाही. पोरीची फी त्यातूनच भरली आहे.

सोयाबीन_वाशीम:
फी आमालेही भरा लागते, दादा. पेरनीले म्हयना रायला, अजून बियान्याचे पैसे नाई.