स्थलांतरित मुलांची नोंद: अ‍ॅपआधी मुकादमाचा नंबर

एका ताईंनी सुचवलंय की स्थलांतरित मजुरांच्या मुलांची नोंद ठेवायला आरोग्य, अंगणवाडी आणि शाळा यांसाठी एकच अ‍ॅप आणा. पण नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठहून आईबापांसोबत द्राक्षांच्या कामाला निफाड-दिंडोरीत येणाऱ्या मुलांच्या नोंदीची साखळी तुटते ती अ‍ॅपच्या आधीच. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला मजुरांची टोळी निघते तेव्हा गावात फार तर तालुक्याचं नाव कळतं. कुठल्या शिवारात, कोणाच्या मळ्यावर, हे फक्त टोळी नेणाऱ्या मुकादमाला ठाऊक. म्हणून निघतानाच अंगणवाडी सेविकेने त्याचा मोबाईल नंबर लिहून घ्यावा आणि तो शाळा व आशाताईंनाही द्यावा. घरच्यांचे फोन रिचार्जअभावी बंद पडतात, मुकादमाचा सहसा चालू असतो.

बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड आईजवळच हवं. नाहीतर नव्या उपकेंद्रात लस एकतर पुन्हा टोचली जाते किंवा राहूनच जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, म्हणजे मूल तीव्र कुपोषित असेल, तर नाव पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या ऑनलाइन नोंदीत) येईपर्यंत थांबू नका. नव्या गावच्या सेविकेला थेट फोन करा.

शाळेचं म्हणाल तर जुन्या शाळेने शिक्षण हमी कार्ड (नव्या शाळेत दाखवायचं कार्ड) सोबत द्यावं. ते नसलं तरी शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ बघा. मुख्याध्यापक बहुधा ऑनलाइन नोंदीला अडतात: जुनी शाळा मुलाचं नाव आपल्या नोंदीतून सोडत नाही, कारण तिचा पट घटतो. हा गुंता गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवरच सुटतो. तोवर मुलाला वर्गात बसवा.