वायतुरा उन्हाळ्यात जातो कुठे?

प्रश्न: कास पठारावरील डबक्यांत पावसाळ्यात फुलणारा वायतुरा (एक पाणवनस्पती) उन्हाळ्यात मागमूसही ठेवत नाही, मग त्याला बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षे जगणारा, का म्हणतात?

प्रतिसाद १: पाने कुजून गेली तरी जांभ्या खडकावरच्या चिखलात त्याचा कंद जिवंत असतो आणि साठवलेल्या पिष्टमय अन्नावर तो कोरडे महिने काढून पहिल्या पावसात पुन्हा कोंब धरतो. म्हणूनच वाळलेली डबकी तुडवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद २: ओळखही सांगतो. पाण्याबाहेर आलेल्या देठाच्या टोकाला दोन तुरे फुटतात आणि त्यांवर बारीक गुलाबी फुले दाटीने बसतात. साताऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ही अपोनोजेटॉन या पाणवनस्पतींच्या गटातली प्रजाती सह्याद्रीपलीकडे आढळत नाही.

प्रतिसाद ३: त्याच कुळातील ‘अपोनोजेटॉन नॅटन्स’चा तुरा मात्र एकेरी असतो.